सहाच्या पक्ष्याचं चित्र

मामांच्या घरी भाड्यानं राहायला येणाऱ्याला पहिली सूचना मिळायची ती पाण्याच्या नळाबद्दल नव्हे, चपलांबद्दल. सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास जिना उतरायचा झाला तर चपला हातात घ्यायच्या. बँकेच्या बदलीवर मी कोल्हापूरहून तंजावूरला आले आणि राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांच्या माडीवरची खोली पाहायला गेले, तेव्हा त्यांनी माझं आडनाव, जात, स्वयंपाक काहीएक विचारलं नाही. माझ्या पायांकडं पाहिलं आणि म्हणाले, "हें रबराचें चप्पल फार बोलतें, अम्मा. सहाला त्यास गप्प ठेवा."

मला राग आला. कोल्हापूरच्या माणसाला चपलेवरून बोललेलं आवडत नाही. नशीब, करकरणारी खरी कोल्हापुरी मी त्या दिवशी घातली नव्हती. पण खोली हवेशीर होती, बँक जवळ होती, आणि दोन हजार मैल चालून आल्यासारखी दमलेली मी, परक्या गावात कुणीतरी मराठी बोलतंय एवढ्यावरच राजी झाले. त्यांची मराठी माझ्या पणजीच्या तोंडची होती, फक्त हेल तमिळ. घराण्यानं कित्येक पिढ्यांत महाराष्ट्र पाहिला नव्हता. देवनागरी त्यांना वाचता येत नसे. मराठी वाक्य ते तमिळ अक्षरांत लिहायचे आणि त्यात काही चमत्कारिक आहे असं त्यांना वाटत नसे.

ते माझ्या नात्यातले कुणी नव्हेत. गल्लीतले सगळेच त्यांना मामा म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला मामी. ते आता नाहीत. मामी आहेत, गुडघे धरून का होईना, पण आहेत.

मामा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर माणसं देवळाच्या फेऱ्या वाढवतात, यांनी आवाज धरायला सुरुवात केली. घरामागं लांबट अंगण होतं, त्याला ते कोल्लै म्हणत. तिथं विहीर, केळी, एक जुनं कडुनिंबाचं झाड आणि पलीकडं कुणाची तरी पडीक झाडी. विहिरीच्या कट्ट्यावर ते मुठीएवढं यंत्र ठेवायचे, कळ दाबायचे आणि पाय न वाजवता घराच्या पुढच्या बाजूला, रस्त्याकडच्या ओट्यावर जाऊन बसायचे. स्वतःचा श्वाससुद्धा त्यात यायला नको, म्हणून. मग यंत्रातला आवाज संगणकात घालून त्याचं चित्र काढायचे.

आवाजाचं चित्र म्हणजे काय ते मला पहिल्यांदा त्यांनी जेवणाच्या पानावर मिठानं काढून दाखवलं. डावीकडून उजवीकडं वेळ जातो. खालून वर आवाजाची पट्टी चढते, ढोल तळाशी, शिट्टी वर. आवाज जितका मोठा, तितकी रेघ काळी. याला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात, ते म्हणत नुसतं 'चित्र'. तांबट पक्ष्याचं चित्र म्हणजे एका ओळीत घातलेले धावदोऱ्याचे टाके. खारीचं म्हणजे उभ्या रेघा, जवळ जवळ. बेडकं तळाला काजळ फासल्यासारखी. कोकिळेची प्रत्येक हाक आदल्या हाकेपेक्षा थोडी वर. सुरुवातीला मला त्यात माशांनी घाण केलेल्या भिंतीखेरीज काही दिसेना. पण महिन्याभरात मी कागद पाहून "तांबट" म्हणू लागले, आणि खोटं कशाला सांगू, मला त्याचा गर्व वाटू लागला.

"कान लाच घेतात, अम्मा," ते म्हणायचे. "त्यांस जें ऐकायचें असतें तेंच ऐकतात. चित्र लाच घेत नाहीं."

हे वाक्य ते कुणालाही ऐकवत. एका रविवारी मला घेऊन ते बसनं ओरत्तनाडुला गेले. तिथल्या जुन्या छत्रमच्या, म्हणजे धर्मशाळेच्या, दगडी भिंतींत पिंगळे, ती छोटी घुबडं, राहतात, त्यांचा आवाज त्यांना हवा होता. वाटेत कंडक्टर दर थांब्याला शिट्टी वाजवत होता. मामांनी त्याला जवळ बोलावलं, यंत्र पुढं धरलं आणि "एकदा नीट वाजव" म्हणाले. बस तशीच उभी. कंडक्टरनं छाती भरून वाजवली. पुढच्या खेपेला मामांनी त्याच्या शिट्टीचं चित्र छापून त्याला नेऊन दिलं, खाली तमिळमध्ये त्याचं नाव. तो बिचारा कागद उलटासुलटा करून पाहत राहिला. "यानं आता पिंगळ्यांत मिसळूं नये," मामा मला म्हणाले, "याचें नांव वेगळें असावें." त्यात थट्टा नव्हती. प्रत्येक आवाजाला त्याचंच नाव मिळावं, दुसऱ्याचं नको, एवढीच त्यांची जगाकडं मागणी होती.

गावात त्यांच्या कानांना मान होता. तंजावूरची वीणा बनवणारी माणसं मेणावर पडदे बसवताना त्यांना बोलावून घेत. मामा डोळे मिटून बसायचे, आणि पडदा केसभर इकडं की तिकडं ते बोटानं दाखवायचे. हे मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं. मी आले तोवर त्यांनी ते जाणं बंद केलं होतं. कुणी बोलवायला आलं तर "लाकडाचा भुसा नाकांत जातो" म्हणत. मामी हे ऐकून आत निघून जायच्या.

आता त्या पक्ष्याकडं येते. आपण त्याला नवरंग म्हणतो. तमिळमध्ये त्याला आरुमणिक्कुरुवी म्हणतात, म्हणजे सहा वाजताचा पक्षी. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला तो बोलतो, दोन सुरांची शिट्टी, एक चढती, एक उतरती. दिवाळीच्या सुमारास तो दक्षिणेत येतो आणि उन्हाळा तापला की परत उत्तरेला जातो. "तुमच्या गांवाकडे जातो," मामा मला म्हणायचे, जणू मीच त्याला बोलावून घेत होते. कडुनिंबापलीकडच्या झाडीत दर हिवाळ्यात एक नवरंग उतरायचा. मामांचा जीव त्याच्यावर होता. चपला हातात घ्यायच्या त्या त्याच्यासाठी.

त्या वर्षी तो गेला नाही. चैत्र आला, कोल्लैतली केळीची पानं उन्हानं फाटली, तरी मामांच्या संध्याकाळच्या चित्रांत त्या दोन रेघा होत्याच. एक चढती, एक उतरती. ते रोज सकाळी नवा कागद घेऊन माडीवर यायचे. चेहरा उजळलेला. वैशाखातही पक्षी बोलत होता. असं कुठं कुणी पाहिलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. पक्षी पाहणाऱ्या लोकांत त्यांनी ही गोष्ट बोलून दाखवली आणि एका कॉलेजच्या निसर्गमंडळानं त्यांना व्याख्यानाला बोलावलं. मामी मला हळूच म्हणाल्या, "इतके वर्षांत यांस कोणी बोलावलें नाहीं. जावोंत. आनंद होतो त्यांस."

व्याख्यान तोंडावर आलं आणि बँकेला एक सुट्टी आली. एरवी सहाला मी काउंटरच्या मागं असायची, रविवारी कुठंतरी बाहेर. त्या दिवशी संध्याकाळी कोल्लैत दोरीवरचे कपडे काढत होते, अर्थातच अनवाणी. विहिरीच्या कट्ट्यावर यंत्र चालू होतं. मामा पुढं ओट्यावर. मला वाटलं, बरं झालं, आज पक्षी ऐकायला मिळेल. कपडे संपले, उजेड उतरला, कावळे गेले. पक्षी काही बोलला नाही. मी निराश होऊन वर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा कागद घेऊन आले. "काल फार छान बोलला. ऐकलात, अम्मा?"

कागदावर रेघा होत्या. ओळीनं. चढती, उतरती.

"मामा, मी तिथंच होते. काल तो बोललाच नाही."

"तुमचें लक्ष कपड्यांत असेल."

"मग लावा आवाज."

त्यांनी खाली नेऊन आवाज लावला. हेडफोनचा एक जोड मला दिला, एक स्वतः घातला. पडद्यावर चित्र सरकत होतं आणि एक उभी रेघ त्याच्यावरून पुढं चालली होती. मी ऐकत होते. कावळे, मोपेड, कुणाच्या तरी घरातला कुकर, आणि मग 'कुईं... कुऊं, कुईं... कुऊं'. लोखंडाचा कुरकुरता आवाज. तो मला पुरता ओळखीचा होता, कारण कपडे काढताना तो माझ्या कानावर पडत होता आणि मी त्याला मोजलंच नव्हतं. मागचं दार उघडं होतं. आत मधल्या दालनात, देवाजवळ दिवा लावून, मामी झोपाळ्यावर बसल्या होत्या. झोपाळ्याच्या कडीचा आवाज होता तो.

मी मामांकडं पाहिलं. ते मान डोलवत होते. दर जोडीला एकदा. त्यांचे डोळे पडद्यावर होते, चालती रेघ चित्रातल्या दोन रेघांवर आली की मान हलायची. मी चाचपडत आवाजाची कळ अगदी खाली ओढली. हेडफोनमध्ये काही उरलं नाही. मामांची मान तशीच, बरोबर त्याच ठिकाणी, हलत राहिली.

या माणसाला वरच्या पट्टीचं काहीच ऐकू येत नव्हतं. किती दिवसांपासून, देव जाणे. गप्पा कळायच्या, कारण समोरासमोर बसून, ओठ पाहून व्हायच्या. तो वीणेचा भुसा, ते 'चित्र लाच घेत नाहीं', सगळ्याचा अर्थ मला एकदम लागला आणि तो लागायला नको होता असं वाटलं. पण मला गोड बोलता येत नाही. चारचौघांत तो कागद दाखवल्यावर कुणीतरी आवाज लावा म्हणेल, आणि पोरं हसतील, हे मला दिसत होतं.

"मामा," मी त्यांच्या समोर जाऊन म्हटलं, "हा पक्षी नाही. हा मामींचा झोपाळा आहे."

ते चिडले. मी त्यांना चिडलेलं तेवढं एकदाच पाहिलं. "नोटा मोजायच्या यंत्राजवळ बसून तुमचे कान बिघडले आहेत," म्हणाले. मग चारपाच दिवस माडीवर आले नाहीत. मी चपला घालून जिना उतरले तरी बोलले नाहीत, हे मला जास्त लागलं.

मग एका संध्याकाळी बँकेतून आले तर दालनात मामी झोपाळ्यापासून लांब, भिंतीला टेकून बसलेल्या. "आज ऊंजलवर बसायचें नाहीं, आज्ञा झाली आहे," त्या म्हणाल्या. पुढच्या संध्याकाळी आज्ञा फिरली, बसायचं आणि नेहमीसारखे झोके घ्यायचे. मामींनी कारण विचारलं नाही. गुडघ्यांमुळं संक्रांतीपासून त्यांचं संध्याकाळचं देऊळ सुटलं होतं. तेव्हापासून दिवा लावायचा, झोपाळ्यावर बसायचं आणि मनातल्या मनात स्तोत्र म्हणायचं, असा त्यांचा नेम झाला होता. खरा पक्षी होता तोवर दोघांच्या रेघा एकमेकांत मिसळल्या. पक्षी वेळेवर निघून गेला आणि मामी उरल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मला खाली बोलावलं. टेबलावर दोन कागद होते. एकात काही नव्हतं. दुसऱ्यात त्या दोन रेघा होत्या, पण त्यांच्या डोक्यावर, फिकट, शिडीच्या पायऱ्यांसारख्या आणखी रेघा चढत गेल्या होत्या.

"लोखंड असें दिसतें," ते म्हणाले. "पक्ष्याची शिट्टी साफ असते, तिच्या डोक्यावर इतकें कांहीं नसतें."

"मग आधीच्या कागदांत या वरच्या रेघा का नव्हत्या?"

"होत्या. चित्र साफ दिसावें म्हणून फिकट तें सगळें मीं काढून टाकत होतों." थोडा वेळ ते कागद सरळ करत राहिले. "मींच पुसत होतों, अम्मा."

व्याख्यान रद्द करा, तब्येतीचं कारण सांगा, असं मी सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही. की ऐकू आलं नाही, मला आजही सांगता येणार नाही.

कॉलेजचा हॉल बऱ्यापैकी भरला होता. मामी पहिल्या रांगेत, पाय लांब करून, मी त्यांच्या शेजारी. मामांनी इस्त्रीची पँट घातली होती. ते तमिळमध्ये बोलले. माझं तमिळ काउंटरपुरतं, पण त्या दिवशीचं सगळं समजलं. आधी त्यांनी हिवाळ्यातलं खऱ्या नवरंगाचं चित्र दाखवलं. मग दुसरं लावलं.

"हा पक्षी उन्हाळ्यातही इथं राहतो, असं सांगायला मला बोलावलंय. हे त्याचं चित्र. मी त्याचं नाव आरुमणिक्कुरुवी लिहिलं. ते चूक आहे. ही माझी बायको आहे."

हॉल हसला. हसायचंच होतं. मामीही पदर तोंडाला लावून हसल्या. मामा हसू संपेपर्यंत थांबले. संपलं की नाही ते पोरांच्या चेहऱ्यांवरून पाहत होते. मग त्यांनी फिकट रेघा कशा पुसल्या ते दाखवलं, न लपवता, पायरी पायरीनं. मुलांना शिकवायचे तसं.

"चित्र लाच घेत नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. मीच त्याला लाच दिली. तुम्ही अशी चित्रं काढाल तेव्हा एक करा. चित्र पाहा, आणि कानानंही ऐका. दोन्ही जुळलं तरच नाव द्या." इथं ते अडखळले. टेबलाची कड धरली. "मी ऐकू शकलो नाही. मला ऐकू येत नाही."

आता कुणी हसलं नाही. माझ्या शेजारी मामी एकदम ताठ बसल्या होत्या, पदर अजून हातातच. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. ज्या माणसाची सगळी ओळख त्याच्या कानांवर उभी होती, त्यानं ती स्वतःच्या हातानं भर सभेत खाली ठेवली होती.

घरी आल्यावर मामा झोपाळ्यावर बसले. मामींनी पाण्याचं भांडं आणून हातात दिलं आणि समोर उभ्या राहिल्या.

"तुला ठाऊक होतें?" मामांनी विचारलं.

"होतें की."

"केव्हांपासून?"

"हाक मारायचें सोडलें तेव्हांपासून," मामी म्हणाल्या. "पहिलें सैंपाकघरांतून हाक मारत होतें, तुम्हीं येत होतां. मग येईनासे झालां. मोठ्यानें मारली, तरी नाहीं. मग मींच पुढें येऊन उभी राहायला लागलें."

मामा भांडं हातात धरून बसून राहिले. पाणी प्यायले नाहीत. गल्लीतल्या चिमण्या कोणत्या वर्षी गेल्या ते त्यांना सांगता यायचं. कोणत्या तळ्यातली बेडकं केव्हा गप्प झाली तेही. घरात रोज दोनदा येणारा एक आवाज बंद झाला होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी यंत्र कोल्लैत लावलं नाही, दालनात लावलं. मी बँकेत जायला निघाले होते, मला जिन्यावरच थांबवलं. मामींना म्हणाले, "आंत जा. पहिलें मारत होतीस तशी हाक मार."

"हें काय वेड? अम्मा बघतायत."

"बघूं दे. मार."

मामी लाजत आत गेल्या. मामा स्वयंपाकघराकडं पाठ करून बसले. आतून आवाज आला, "अहोऽऽ, पान वाढलेंऽ!" इतका मोकळा आवाज मामींना असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी जिन्यावरून वळून पाहिलं. मामा वळले नाहीत. तसेच बसून होते, वाट पाहत.

मामी बाहेर येऊन त्यांच्या समोर उभ्या राहिल्या तेव्हा ते उठले. चित्र काढलं, या वेळी काहीही न पुसता. माणसाच्या आवाजाच्या रेघा पक्ष्याहून खाली, एकीवर एक, पुष्कळ असतात. त्या 'हो'पाशी सगळ्या मिळून लांब गेल्या होत्या आणि शेवटी खाली वाकल्या होत्या. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि बोट त्या वाकणावरून हळूहळू फिरवलं.

"'हो' एवढा लांब असायचा?"

मामींनी त्यांचा चेहरा आपल्याकडं वळायची वाट पाहिली. मग म्हणाल्या, "तुम्हीं लवकर उठत कोठें होतां?"